ला होयाच्या कड्यांवरची सेगवे टूर: साठी ओलांडलेल्यांनी करावी का?

टिळकवाडीची_काकू

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावचे, टिळकवाडीत असतो. मुलगी आणि जावई सॅन दिएगोला आहेत, मे महिन्याच्या शेवटी आम्ही दोघं तिकडं जाणार, व्हिसा झाला, तिकिटं झाली, आता ती दोघं रोज एक नवीन प्लॅन पाठवतात. त्यातला एक म्हणजे ला होया म्हणून समुद्रकाठचा भाग आहे तिथं कड्याकडेनं सेगवेवर उभं राहून फिरायचं, बरोबर गाईड असतो, दोन-अडीच तास लागतात म्हणे, आणि दुसरी तसलीच टूर बाल्बोआ पार्कातल्या बागांमधून. सेगवे म्हणजे ते दोन चाकांचं, मधे पाटीवर उभं राहून हँडल धरायचं ते, मुंबईला पोलीस घेऊन फिरतात टीव्हीवर दाखवलं होतं बघा. ह्यांना विचारलं तर हे लगेच तयार, रिटायर झाल्यापासून गाडीची हौस वाढलीच आहे. मला पण जायचं आहे खरं कडा आणि समुद्र असं एकदम ऐकलं की पोटात गोळा येतो.

ह्यांचं वय ६८, माझं ६२. ह्यांचा उजवा गुडघा दुखतो, ऑपरेशन वगैरे नाही, व्यायाम चालू आहे. मी कधी स्कूटी पण चालवली नाही, मागं बसूनच सगळं बेळगाव फिरले. असल्यांना ते यंत्र जमतंय का? कड्याच्या किती जवळून नेतात? साडी चालते का ड्रेसच घालायला लागतो? आणि तिथं बघण्यासारखं काय आहे ते पण सांगा. कुणी जाऊन आलं असेल तर मोकळेपणानं लिहा, जावयांना नाही म्हणायचं झालं तर कारण तरी नीट सांगता यायला पाहिजे की.

खानापूर_ते_सॅन_होजे

काकू, मी खानापूरचा, कामासाठी सॅन होजेला असतो, आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन ला होयाची टूर केलीय म्हणून सांगतो. पहिली गोष्ट, गाडी चालवता येण्याचा नि ह्याचा काही संबंध नाही. उलट ज्यांना बाईकची सवय आहे ते ब्रेक शोधायला जातात, हँडल ओढतात, आणि ह्याला ना ब्रेक ना ॲक्सिलरेटर. अंग जरा पुढं झुकलं की पुढं जातंय, सरळ उभं राहिलं की थांबतंय, मागं रेललं की हळू होऊन मागं सरकतंय, आणि वळायचं असलं तर हँडलचा दांडा डावी-उजवीकडं कलवायचा. आपण जांबोटीच्या बसमध्ये उभं असताना ड्रायव्हरनं ब्रेक मारला की पुढं पडू नये म्हणून आपण आपोआप मागं रेलतो ना, तेवढीच अक्कल शरीराला लागते. आत जायरोस्कोप सेन्सर असतात, ते सेकंदाला शंभर वेळा तुमचा कल मोजतात आणि चाकं तुमच्या खाली आणून ठेवतात. आमच्या आईनं तर आयुष्यात सायकल पण चालवली नव्हती, तिला बाबांच्या आधी जमलं.

खरं चढणं आणि उतरणं ह्या दोन वेळा नीट सांभाळायच्या. चढताना एक पाय ठेवून मग दुसरा, घाई न करता, आणि त्या वेळी हँडलला लोंबकळायचं नाही. उतरताना मशीन पूर्ण थांबल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही, मागच्या बाजूला उतरायचं. लोक पडतात ते बहुतेक असंच, चालता चालता फोटो काढायला एक हात सोडला नाहीतर एक पाय खाली टेकवला की झालं.

टूरच्या आधी मोकळ्या सपाट जागेत शिकवतात. आमच्या गाईडनं प्रत्येकाला वेगवेगळं पुढं बोलावून थांबायला, वळायला, चढाला-उताराला लावलं आणि मगच रस्त्यावर काढलं. ह्या मशीनचा वेग जास्तीत जास्त ताशी २० किलोमीटर, खरं नवशिक्यांसाठी त्यात एक कासवाचा मोड असतो, त्यात १० च्या वर जातच नाही. जावयांना सांगा, बुक करताना हे दोन प्रश्न विचारा: शिकवायला वेळ किती देणार, आणि कासव मोड पूर्ण टूरभर ठेवणार का. तिसरा पण विचारा, मशीन कुठलं वापरता. मूळ सेगवे २००१ मध्ये डीन केमननं आणलं आणि २०२० मध्ये ते बनवणंच बंद झालं, त्यामुळं जे टूरवाले जुन्याच मशीनवर चालवतात त्यांची बॅटरी आणि टायर यांची निगा कशी आहे हे विचारायला लाजायचं काही कारण नाही.

साडी अजिबात नको. दोन्ही बाजूला चाकं असतात आणि पाटी खाली असते, काठ अडकला तर काय होईल सांगायला नको. ड्रेस घाला, ओढणी घरी ठेवा, चप्पल नाही, बूट. हेल्मेट देतात, त्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट लावून घ्या.

निपाणीकर_आबा

मी स्पष्ट सांगतो, जाऊ नका. ज्या कंपनीनं हे बनवलं त्या कंपनीचा मालकच सेगवेवरून कड्यावरून खाली पडून गेला, २०१० मध्ये, इंग्लंडला, सगळ्या पेपरात आलं होतं. मालकाला जमलं नाही ते आपल्याला साठीनंतर काय जमणार. समुद्र बघायचा तर आपलं कारवार काय वाईट आहे, गोकर्णला ओम बीचच्या वरच्या वाटेवरून पाहा की, पायी.

खानापूर_ते_सॅन_होजे

आबा, गोष्ट खरी आहे आणि तुम्ही आठवण केलीत ते बरंच झालं, कारण त्यातनं नेमकं काय टाळायचं ते कळतंय. ते जिमी हेसल्डेन, आधी खाणकामगार होते, पुढं मोठे उद्योजक झाले, २००९ च्या शेवटी त्यांनी सेगवे कंपनी घेतली आणि २०१० च्या सप्टेंबरात यॉर्कशायरमध्ये घराजवळ नदीवरच्या कड्यावरून पडले. ते एकटे होते, वाट अरुंद होती, आणि समोरून कुत्रा घेऊन येणाऱ्या माणसाला वाट द्यायला ते मागं सरकले असावेत असं पुढं चौकशीत आलं. म्हणजे अरुंद पायवाट, एका बाजूला कडा आणि त्यात मागं घेणं, तिन्ही एका जागी आलं.

ला होयाला आम्हाला त्यातलं काहीच करायला लागलं नाही. सगळा रस्ता डांबरी आणि सिमेंटचा, कोस्ट बुलेव्हार्डच्या बाजूनं. जिथं कड्याच्या टोकाशी जायचं तिथं मशीन मागं मोकळ्या जागेत लावून सगळ्यांना खाली उतरवलं आणि चालत कठड्याशी नेलं. काकूंनी एवढा एक नियम मनाशी धरावा, समुद्राच्या बाजूला मशीन कधी मागं घ्यायचं नाही. समोरून कुणी आलं तर थांबायचं, वाटलं तर उतरायचं, त्यांना जाऊ द्यायचं. आणि जो टूरवाला म्हणतो की आम्ही मातीच्या पायवाटेवरून टोकापर्यंत नेतो, त्याच्याकडं जायचं नाही.

किनारा_वेडा (कारवार)

मधे बोलतो, मी कारवारचा, मर्चंट नेव्हीत होतो, सॅन दिएगो बंदरात बऱ्याचदा उतरलोय आणि ला होया पायी पालथं घातलंय. सेगवेचं मला माहीत नाही, कड्यांचं सांगतो, कारण आबांची भीती यंत्राची आहे आणि माझ्या मते जास्त जपायचं ते कड्याला.

आपल्याकडं किनाऱ्याला ग्रॅनाइट आणि जांभा बघायची सवय, तिथले कडे वाळूच्या दगडाचे, थराथराचे, हातानं खरवडलं तरी कण सुटतात असे. लाटा खालून पोखरतात, पावसाचं पाणी वरून मुरतंय, आणि मग एखाद्या दिवशी तुकडा सुटतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथून वरच्या अंगाला एन्सिनिटासला असाच कड्याचा तुकडा कोसळला आणि खाली वाळूवर बसलेल्या एकाच कुटुंबातल्या तिघी गेल्या. म्हणून वरून चालताना कठड्याच्या आत, आणि खाली बीचवर गेलात तर कड्याच्या सावलीला चटई टाकून बसायचं नाही. ऊन लागलं तरी चालेल, मोकळ्यावर बसा.

आता बघायचं काय. ला होया कोव्ह म्हणून छोटी खाडी आहे, तिथल्या खडकांवर समुद्रसिंह पसरलेले असतात, शेकड्यानं पाणकावळे आणि तपकिरी पेलिकन. वास येतो, चांगला जोरात येतो, आधीच सांगून ठेवतो म्हणजे तुम्ही दचकणार नाही. समुद्रसिंह आणि सील वेगळे हं. कानाची छोटी पाळी बाहेर दिसली आणि पुढच्या पायांवर अंग उचलून चालला तर समुद्रसिंह, कानाची नुसती भोकं आणि पोटावर सरपटत असेल तर सील. सील बघायचे तर थोडं दक्षिणेला चिल्ड्रन्स पूल आहे. तिथं समुद्रात वाकडी भिंत घातलीय, १९३१ मध्ये, एलन ब्राउनिंग स्क्रिप्स म्हणून वर्तमानपत्रांत पैसा कमावलेल्या बाई होत्या त्यांनी खर्च केला, लहान मुलांना लाटांशिवाय पोहता यावं म्हणून. पुढं ती जागा सीलनी पसंत केली. डिसेंबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत पिल्लांचा मोसम असतो म्हणून वाळूवर माणसाला बंदी. तुम्ही मेच्या शेवटी जाणार म्हणजे ती उठलेली असेल, तरी सील पहुडलेले असले तर लांबूनच बघा. समुद्रसिंहांची पिल्लं मात्र जूनच्या सुमाराला होतात, आणि पॉइंट ला होयाचे खडक २०२३ पासून वर्षभर बंदच केलेत, त्यामुळं वरच्या रस्त्यावरून पाहायचं. तिथं १९७२ चा सागरी सस्तन प्राण्यांचा कायदा आहे, जनावराला त्रास दिला तर दंड होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं हवामान. मे-जूनला तिथं सकाळी समुद्रावरनं ढग येऊन बसतात, सगळं राखाडी दिसतं, लोक त्याला मे ग्रे आणि जून ग्लूम म्हणतात. आंबोलीचं धुकं आवडणाऱ्याला ते पण आवडेल, खरं निळा समुद्र आणि सोनेरी कडे बघायचे असतील तर सकाळची टूर घेऊ नका. दुपारी ढग बहुतेक वेळा उठतात. जावयांना दुपारचा स्लॉट बघायला सांगा आणि अंगात स्वेटर पाहिजेच, जून म्हणून सोडू नका, वारा गार असतो.

सनी जिम केव्ह म्हणून एक गुहा पण आहे, दुकानातून आत बोगद्यानं १४५ पायऱ्या खाली उतरायच्या. काकांच्या गुडघ्याला ते नको, कारण तेवढ्याच परत चढायच्या आहेत.

टिळकवाडीची_काकू

बाप रे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. आबा, तुमची काळजी कळली, मी पण ह्यांना ते वाचून दाखवलं. समुद्रसिंहाचं वाचून तर आता जायचंच आहे.

एक राहिलं सांगायचं. जावयांनी बुकिंगचा फॉर्म पाठवला त्यात वजन विचारलंय, कमीत कमी ४५ किलो असं लिहिलंय. माझं ४२ आहे. मुलगी म्हणते ४६ लिहून टाक आई, कोण तपासतंय. ह्यांचं ७४. तसं लिहिलं तर चालेल का? जास्त वजनाला नको म्हणतात ते कळतं, कमी वजनाला का नको म्हणतात ते कळलं नाही.

हिंदवाडी_फिजिओ

काकू, कृपा करून तसं लिहू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे, इतर वेळी इथं फक्त वाचते, खरं हे वाचून लिहावंच वाटलं.

ह्या यंत्राला ब्रेक नाही असं वर सांगितलंय ना, म्हणजे तुमचं अंग हाच ब्रेक. मशीन स्वतः ४७ किलोच्या आसपास. तुम्ही मागं रेललात की तुमच्या वजनानं ती पाटी मागं कलायला हवी, तरच त्याला कळणार की थांबायचं आहे. माणूस फारच हलका असला की रेलून सुद्धा पाटी पुरेशी कलत नाही, विशेषतः उताराला. मग तुम्ही मागं झुकलेल्या आणि मशीन पुढंच चाललंय असं होतं. ४५ हा आकडा त्यासाठी आहे, वरची मर्यादा ११८ च्या आसपास असते, ती मोटरला आणि टायरला झेपण्यासाठी. आणि ला होया चढउताराची जागा आहे. त्यात पन्नाशीनंतर आपल्या बायकांची हाडं किती ठिसूळ असतात हे मी रोज बघते, साधं अंगणात पडून मनगट मोडून येतात. खोटं वजन लिहून काही झालं तर विमावाला पण हात वर करेल.

विम्याचं तर सगळ्यांनाच सांगते. परदेशी जाताना आपण पॉलिसी घेतो त्यात साहसी खेळ वगळलेले असतात, त्या यादीत काय काय येतं ते एजंटकडून लेखी विचारून घ्या. तिथं एक हाड मोडलं तर खर्चाचा आकडा ऐकून माणूस आजारी पडतो.

काकांचं. गुडघा दुखतो पण ऑपरेशन नाही आणि चालताना तोल जात नाही, तर माझ्या मते हरकत नसावी, तरी एकदा त्यांच्या ऑर्थो डॉक्टरांना विचारा, चक्कर येते का, बीपीच्या गोळीनं उठताना डोळ्यापुढं अंधारी येते का हे पण सांगा त्यांना. दोन तास एका जागी उभं राहणं हा गुडघ्याला चालण्यापेक्षा जास्त त्रास. गुडघे ताठ लॉक करून उभं राहायचं नाही, किंचित वाकलेले ठेवायचे, आणि दर थांब्याला उतरून चार पावलं टाकायची. आतापासून रोज वॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जात असाल तर तिथंच करा, झाडाला किंवा बाकाला बोट टेकवून एका पायावर उभं राहायचं, जमेल तसा वेळ वाढवायचा, मग बोट सोडून. टाचा उचलून पुढच्या चवड्यावर, मग हळूच परत. ह्यातनं घोट्याला जो अंदाज येतो तोच तिथं कामाला येणार आहे. जिना उतरताना त्रास असेल तर तो आधी बघू, मग टूर.

बागवान_कॅम्प

काकू, मग तुम्ही बाग बघा, आणि मी सांगतो ते बघून घरी या. माझी बेळगावला कॅम्पात नर्सरी आहे. दोन वर्षांमागं मुलाच्या पदवीदानाला गेलो होतो तेव्हा बाल्बोआ पार्कला गेलो आणि दुसऱ्या दिवशी परत गेलो, पोरगा म्हणाला बाबा शहर बघायचं नाही का.

१२०० एकर जागा आहे. मे-जूनला जॅकरंडा फुललेला असतो, आपल्या कॅम्पात मार्च-एप्रिलला फुलतो तोच निळा-जांभळा, तिथं रस्तेच्या रस्ते. आणि तो जॅकरंडा त्या शहरात रुजवायला जिनं सगळ्यात जास्त खटपट केली ती एक नर्सरीवाली बाई, केट सेशन्स. १८९२ मध्ये तिनं शहराशी करार केला, ह्या पार्कात मला नर्सरीला जागा द्या, बदल्यात मी दर वर्षी शंभर झाडं पार्कात लावते आणि तीनशे शहरासाठी देते. तेव्हा ती सगळी टेकडी उघडीबोडकी, झुडपांची होती. आज जी सावली आहे तिच्यामागं ती बाई आहे. आम्ही नर्सरीवाले रोपं विकतो आणि विसरतो, तिथं उभं राहून मला फार भरून आलं हो.

बॉटनिकल बिल्डिंग बघा, लाकडी पट्ट्यांची, १९१५ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी बांधलेली, समोर लांब पाण्याचा हौद आणि त्यात कमळं. जवळच नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मागं मोरटन बे फिग आहे, आपल्या वडाच्या कुळातला, त्याच प्रदर्शनाच्या वेळी लावलेला, मुळं भिंतीसारखी उभी राहिलीत. पूल ओलांडून पलीकडं गुलाबाची बाग, तिच्याशेजारी निवडुंगाची. जपानी बागेला तिकीट आहे, बाकीचं बहुतेक फुकट. रविवारी गेलात तर दुपारी दोनला उघड्यावरचा मोठा ऑर्गन वाजवतात, तो पण फुकट, छपराखाली बसून ऐकायचं नाही, उन्हात बाक असतात, टोपी न्या.

आणि सेगवे नाही म्हणून अडत नाही. पार्कात आतल्या आत फिरायला फुकट ट्राम आहे, पार्किंगपासून मधल्या चौकापर्यंत आणून सोडते, काकांचा गुडघा पण वाचतो. माझं मत विचाराल तर बागेत सेगवे नकोच कुणालाच. झाडापुढं थांबायचं असतं, पान हातात घ्यायचं असतं, खाली पडलेली शेंग उचलायची असते, ते हँडल धरून होत नाही. कड्याकडेचा रस्ता लांब आणि मोकळा, तिथं यंत्राचा फायदा आहे.

खानापूर_ते_सॅन_होजे

बागवान मामांचं पटलं. आम्ही बागेची सेगवे टूर केली नव्हती, आई म्हणाली होती की चालत जाऊ, आणि ती गुलाबांत जी शिरली ती बाहेर येईना.

काकू, ताईंनी वजनाचं सांगितलं ते मी आधी लिहायला पाहिजे होतं, बरोबर आहे ते, आमच्या ग्रुपमध्ये एका बारक्या मुलीला गाईडनं काट्यावर उभं करून परत पाठवलं होतं, म्हणजे तपासतात सुद्धा. तुम्ही असं करा की काका आणि जावई सेगवेवर जाऊ द्या, तुम्ही आणि मुलगी कोव्हपासून चिल्ड्रन्स पूलपर्यंत कडेनं चालत या, मधे स्क्रिप्स पार्कात हिरवळ आहे, बाक आहेत, टॉयलेट आहे, सगळं सपाटच. अर्धा तास सुद्धा लागत नाही चालायला, समुद्रसिंहांपाशी थांबून बघत बसलात तर दुपार जाईल. टूरवाले पण तिथूनच जातात, त्यांना विचारून कोव्हला किती वाजता येणार ते घ्या, म्हणजे काकांचा फोटो तुम्हालाच काढता येईल, त्यांना हात सोडायला नको.

आणि टिपचं जावयांना माहीत असेलच, गाईडला तिकीट सोडून वेगळे १५ ते २० टक्के देतात तिकडं.

निपाणीकर_आबा

मी चालत जायला सांगितलं ते शेवटी काकूंच्या वाट्याला आलंच की. काकांना मात्र म्हणावं आधी डॉक्टरला दाखवा.

टिळकवाडीची_काकू

सगळं ठरलं. फॉर्मवर माझं नाव काढायला सांगितलं, मुलगी जरा नाराज झाली खरं फिजिओ ताईंचं वाचून दाखवल्यावर गप्प झाली. ह्यांची अपॉइंटमेंट गुरुवारी आहे, ऑर्थोकडं, तिथं ते म्हणाले हो तरच टूर, नाही म्हणाले तर चौघं मिळून चालत. दुपारचा स्लॉट आणि कासव मोड, दोन्हीचं जावयांनी विचारलंय, उत्तर यायचं आहे. विम्याच्या एजंटला पण मेसेज टाकलाय, यादी लेखी पाहिजे म्हणून.

बागवान भाऊ, पार्कात रविवारीच जाऊ, आणि तुम्ही म्हणालात त्या वडाच्या भावाचा फोटो नक्की पाठवते. एक विचारायचं होतं, जॅकरंडाच्या बिया तिकडून आणलेल्या चालतात का, का विमानतळावर काढून घेतात?

बागवान_कॅम्प

बिया आणू नका काकू, परवान्याशिवाय आणता येत नाहीत, कस्टमला काढून घेतात. आणि गरजच नाही, जॅकरंडाची रोपं माझ्याकडं तयार आहेत, पाऊस सुरू झाला की दोन घेऊन जा.